धुण्याचं पाणी

तिने काचपट्टी फडक्याने पुसली, गाळाचा नवा थेंब टाकला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दातओठ खाल्ले. आत नुसते देठ होते.

महिन्यापूर्वी याच टाकीच्या एका थेंबात नुसती झुंबड उडालेली असायची. लांब देठावर डोलणारे घंटेच्या आकाराचे इवले जीव, जरासा धक्का लागला की चटकन आक्रसून घेणारे. त्यांच्या मधून तोंडाशी चाकं फिरवत हिंडणारे दुसरे. आणि बाकी मोजदाद न होणारा बारीकसारीक पसारा. तिच्या तोंडी या सगळ्यांना एकच नाव होतं, मंडळी. शहराचं घाण पाणी खाऊन स्वच्छ करणं हे मंडळींचं काम आणि मंडळींच्या हवापाण्याची व्यवस्था बघणं हे तिचं. सव्वीस वर्षं हा संसार बिनबोभाट चालला होता. आता घंटा गळून गेल्या होत्या आणि देठ तेवढे उभे होते.

"काय म्हणतात मंडळी?" पंपवाल्या काकांनी दारातून विचारलं.

"काही म्हणत नाहीत. मेली सगळी."

"हवा बदलली आहे ना. माझा गुडघासुद्धा सकाळपासून ठणकतोय."

"काका, तुमच्या गुडघ्याचा आणि माझ्या टाकीचा काय संबंध?"

"तसा काही नाही," काकांनी कबूल केलं आणि ते पंपाकडे निघून गेले.

मेलेली टाकी सांडपाणी केंद्रातली सर्वांत लहान होती. मोठी टाकी आणि तिच्या जोडीच्या टाक्या समोरच्या मैदानात; ही मात्र मागे, कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीला लागून. तिला बीजटाकी म्हणत. दह्याला विरजण राखून ठेवावं तसा तिच्यात उत्तम गाळ जपलेला असे. चार वर्षांपूर्वी कुणीतरी गटारात पिंपभर आम्ल ओतलं आणि मोठी टाकी एका दुपारीत गारद झाली, तेव्हा याच बीजावर तिने ती नऊ दिवसांत उभी केली होती. बीज नसतं तर निदान दोन महिने काळं पाणी तसंच नदीत गेलं असतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे विसरले होते.

गेले तीन आठवडे ती गुन्हेगार शोधत होती. रोज सकाळी बीजटाकीत शहरातून येणाऱ्या घाण पाण्याच्या चार बादल्या ओतत, म्हणजे विष बाहेरूनच येत होतं, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. आधी तिने कपडे रंगवणाऱ्याला धारेवर धरलं. मग दवाखान्याच्या व्यवस्थापकाला. मग बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याला, ज्याने शपथेवर सांगितलं की आपण हल्ली फक्त छत्र्या दुरुस्त करतो. प्रत्येकाच्या दारातल्या गटाराचा नमुना तिने बाटलीत भरून आणला, तपासला आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडली. निम्मी वस्ती आता तिला पाहून रस्ता बदलत होती.

दहा वाजता साहेब आले. वयाने तिच्याहून वीस वर्षांनी लहान, स्वभावाने बरे, आणि नेमका नको तो प्रश्न विचारण्यात पटाईत.

"बाई, येणारं पाणी मोठ्या टाकीतही तेच जातं ना? मग ती ठणठणीत कशी?"

"लहान भांड्यात आधी कळतं, साहेब. मोठ्यात कळेल तेव्हा बोंब मारायला तरी कोण उरणार आहे?"

"तीन आठवडे झाले. कारण सापडत नसेल, तर सोमवारी ती रिकामी करून बंद करू. त्या जागेत कपाटं बसतील."

"कपाटं?"

"सामानाची."

हातातली बाटली तिने टेबलावर अशी आपटली की साहेबांनी चष्मा सावरला. ते गेल्यावर तिला रडू आलं. मग त्या रडण्याचाच राग आला, आणि नेमका तेव्हा फोन वाजला.

"आई, फॉर्म भरलास?" लेक होती.

"नाही."

"आई! दोन आठवडे झाले. सगळ्यांचे आले, तुझाच राहिलाय. आज पाठवला नाही ना, तर कापडाच्या नव्या कारखान्याचं सगळं रखडेल."

"माझी टाकी मरते आहे आणि तू फॉर्म काय घेऊन बसलीस?"

"पाच मिनिटांचं काम आहे गं. मी संध्याकाळी गाडी घेऊन येते, तुलाही घरी सोडते. तोवर भरून ठेव. ठेवशील?"

"बघते," ती म्हणाली. म्हणजे ठेवीन, हे दोघींनाही कळत होतं.

फॉर्म गणवेशाचा होता. केंद्रातल्या सगळ्यांच्या अंगावर तीन महिन्यांपासून जो राखाडी गणवेश होता, त्याचं कापड लेकीच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं. त्याच्या धाग्यावर चांदीचे कण बसवले होते, इतके बारीक की आईच्या सूक्ष्मदर्शकातही दिसू नयेत. ते कण वास आणणाऱ्या जंतूंना जगूच देत नाहीत, असं लेक सांगे. सांगताना तिचे डोळे लकाकत. उद्या याहून बारीक कणांवर बसून औषध नेमकं आजारी पेशीपर्यंत जाईल, समुद्राचं पाणी गाळून प्यायला मिळेल, आणि तू ज्या टाक्या ढवळतेस त्यांची तर गरजच उरणार नाही, आई. आई म्हणे, बरं झालं, मग मी झोपा काढीन.

पण गणवेश चांगला होता, हे तिने सगळ्यांना सांगितलं होतं. मागणीच्या अर्जावर पहिली सही तिचीच होती. घामाचा, गाळाचा, कशाचाच वास त्याला राहत नसे. लेक लहान असताना आई कामावरून थेट तिला बसने शाळेतून आणायची, तेव्हा आई शेजारी बसली की लेक गुपचूप खिडकी उघडायची, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मोठी होऊन तिने हे कापड काढलं आणि पहिला गठ्ठा आईच्या केंद्रात पाठवला, तेव्हाही त्या खिडकीचा विषय कुणी काढला नाही.

तिने फॉर्म ओढला आणि चिडून भरायला घेतला. कापड टोचतं का? नाही. वास येतो का? नाही. रंग उडाला का? नाही. रोज धुता का? हो. एकेका उत्तराला तिचा पेन कागद फाडायच्या बेताला येत होता. सतराव्या प्रश्नापाशी तो थांबला.

धुण्याचं पाणी कुठे जातं?

तिने नेहमीच्या सवयीने 'मोठ्या टाकीत' असं लिहायला घेतलं. 'मो' लिहून झालं आणि तिचा हात तसाच राहिला.

मागच्या भिंतीपलीकडे, कपडे बदलायच्या खोलीत, धुलाई यंत्र घरघरत होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात बीजटाकी गारठली होती. तेव्हा धुलाईचं कोमट पाणी फुकट जातं म्हणून तिनेच नळवाल्याच्या मागे लागून, भिंतीला भोक पाडून, यंत्राची नळी त्या टाकीत सोडवली होती. मंडळी खूश झाली होती. तीही खूश होती, इतकी की पुढे ती नळी तिथे आहे हेच विसरून गेली. केंद्राच्या नकाशात ती नव्हतीच. साऱ्या वस्तीच्या गटारांत ती बाटल्या बुडवत फिरली होती, फक्त आपल्या भिंतीमागच्या एका नळीत नाही.

"अगं, काय वेडी आहेस तू," ती मोठ्याने म्हणाली.

"मला काही म्हणालात?" बाहेरून काका.

"नाही. दोन बरण्या द्या. स्वच्छ धुतलेल्या. आणि यंत्र कुणी लावलंय?"

"मीच लावलं."

तिने दोन्ही बरण्यांत मोठ्या टाकीचा ताजा गाळ घेतला. एकीत साधं पाणी घातलं, दुसरीत यंत्राच्या नळीतून धरलेलं. मग यंत्राचं बटण बंद केलं, आतले कपडे तसेच राहू दिले. दोन्ही बरण्यांत हवेच्या नळ्या सोडल्या आणि समोर बसून राहिली. जेवण तिच्या लक्षातच आलं नाही. काका एकदा डोकावून गेले आणि न बोलता चहा ठेवून गेले. चार वाजता तिने दोन काचपट्ट्या केल्या. एकीवर घंटा डोलत होत्या. दुसरीवरच्या आक्रसून बसल्या होत्या, कितीतरी देठावर नव्हत्याच.

गुन्हेगार सापडला होता, आणि तो तिच्या अंगावर होता.

पाच वाजता लेक आली, घाईत, गाडीची किल्ली हातात खेळवत.

"भरलास?"

"आधी हे बघ."

"आई, मला सहाच्या आत..."

"बघ म्हटलं ना."

लेकीने एका काचपट्टीत पाहिलं, मग दुसरीत. मग पुन्हा पहिलीत. किल्लीचा आवाज थांबला.

"हे काय आहे?"

"ही साध्या पाण्यातली. ही तुझ्या कपड्यांच्या धुण्यातली."

लेक बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून राहिली. सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"दोन बरण्यांवरून काही सिद्ध होत नाही. साबण असेल. पाण्याचं तापमान असेल."

"साबण अकरा वर्षं तोच आहे. कोमट पाणीही."

"इतकं थोडं सुटतं गं ते! आम्ही मोजलंय. वीस धुण्यांत किती जातं, ते..."

"थोडंच, पण तीन महिने साठत गेलं. ते जातं कुठे, ते मोजलंत?"

"तेच तर विचारलंय ना फॉर्ममध्ये!" लेक ओरडली. "आमच्याकडे सगळे म्हणाले, असले प्रश्न कशाला, कोण भरणार. मी भांडून घातलाय तो सतरावा. तूच मला मोरीत उभी करून विचारायचीस, सांग बघू, हे पाणी आता कुठे जाईल? रोज. आंघोळ संपली तरी सोडायची नाहीस."

आईला ते आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं. पण लेकीला आठवत असेल, असं वाटलं नव्हतं. तिने फॉर्म पुढे केला. सतराव्या रकान्यात 'मो' खोडलं होतं आणि पुढे लिहिलं होतं: माझ्या बीजटाकीत. तीन आठवड्यांपासून टाकी मरत आहे. खाली सही.

लेकीने ते वाचलं.

"हे असं गेलं, तर कारखाना उभा राहणार नाही. निदान वर्षभर तरी."

"हं."

"मी पाच वर्षं घातलीत यात."

"माहीत आहे मला."

खोडून टाक, असं लेक म्हणेल म्हणून ती थांबली. म्हणाली असती तर काय केलं असतं, हे तिला सांगता आलं नसतं. लेकीने फॉर्मची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"यंत्रात कपडे आहेत?"

"आहेत. पाण्यासकट."

दोघींनी मिळून ते बाहेर काढले. काकांनी झाकणाची मोठी बादली आणून दिली, मग आणखी एक. लेकीने बाह्या सरसावल्या, पहिला सदरा पिळला आणि बादलीकडे बघत राहिली.

"हे ओतायचं कुठे?"

"तू सांग. कापड तुझं आहे."

"आमच्याकडे एक पिंप असतं. त्यात साठवतो."

"ते भरलं की?"

"गाडी येते. घेऊन जाते."

"कुठे?"

लेकीने दुसरा सदरा उचलला. तो शेवटच्या थेंबापर्यंत पिळला.

"उद्या विचारते," ती म्हणाली.

आईने आत जाऊन अंगावरचा गणवेश काढला आणि दुसऱ्या बादलीत इतरांच्या वर ठेवला. खुंटीला मागच्या बाजूला तिचा जुना निळा अजून लटकत होता. कितीही धुतला तरी न गेलेला वास त्याला होता, आणि आज दिवसभर गाळात घातलेल्या हातांच्या वासाची त्यात भरच पडली. निघताना तिने साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: कारण सापडलं. चूक माझी. टाकी बंद करू नका, मोठ्या टाकीतून नवीन बीज घालते.

कपड्यांची बादली मागे ठेवली. पाण्याची आईने पुढच्या सीटवर दोन्ही पायांत धरली. गाडीचं दार लागलं तसा वास आत कोंडला. लेकीचा हात काचेच्या बटणाकडे गेला, तिथे थांबला आणि परत स्टिअरिंगवर आला.

"उघड की काच," आई म्हणाली.

"नको. थंडी आहे."

थंडी अजिबात नव्हती. आईने बादलीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"वळणावर हळू घे," ती म्हणाली. "सांडेल."