खिळ्यावरचा चमचा

मित्रांनो, सुतारकाकांच्या धाकट्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षीचा माझा जन्म. लग्नासाठी घराला नवी खिडकी बसवली आणि जुन्या खिडकीच्या चौकटीला जाळी ठोकून काकांनी मला बनवले. मी खत चाळायची चाळण.

आमच्या वस्तीत मधे सगळ्यांचे मिळून एक शेत आणि कडेने चोवीस घरे. घरोघरची साले, देठे, खरकटे बादल्यांतून खड्ड्यात येई. आठ महिन्यांनी त्याचे काळे, भुसभुशीत खत होई आणि ते माझ्यातून चाळले जाई. वर उरत काड्या, बिया आणि चमचे. हो, चमचे! सालांबरोबर चमचा बादलीत गेला नाही, असे एकही घर नव्हते. सापडलेली वस्तू माझ्या चौकटीच्या खिळ्यावर टांगायची आणि ज्याची त्याने गुपचूप न्यायची, अशी रीत होती. पण गुपचूप कसली!

"काय वहिनी, पुन्हा डाव? मग घरात वाढता कशाने, वाटीने?" सुतारकाका लांबूनच ओरडत.

माझ्यावर राज्य खतवाल्या आजींचे. समोरची बाजू त्यांची सात वर्षांची नात धरी. एक हिसका आजींचा, एक नातीचा. तसा ताल मला पुन्हा मिळाला नाही.

मग आजींच्या मुलाला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघायच्या दिवशी नातीचा चांदीचा छोटा चमचा सापडेना. ती जन्मली तेव्हा आजींनीच तो दिला होता.

"कुठे टाकलास? वस्तूची किंमत नाही तुला!"

"मी नाही टाकला, आजी."

"खोटं बोलू नकोस!"

पोर रुसून गाडीत बसली. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

आठ महिन्यांनी माझ्या जाळीवर काहीतरी खणखणले. तोच चमचा, अर्धवट कुजलेल्या फडक्यात गुंडाळलेला. बरोबर द्यायला म्हणून आजींनीच तो पुसून, गुंडाळून ओट्यावर ठेवला होता आणि घाईत सालांबरोबर बादलीत लोटला होता. फडके ओळखले तसे आजींना सारे आठवले.

"फोन करून सांगा की," सुतारकाका म्हणाले.

"असलं फोनवर सांगतात होय? पोर आली की समोर बसवून सांगेन, माझं चुकलं म्हणून."

चमचा खिळ्यावर गेला. दर रविवारी चाळून झाले की आजी तो बाहीने पुसत. सुट्टी लागली की फाटकाकडे बघत. दोन सुट्ट्या परीक्षेत गेल्या, एक आजारपणात. नातीचा फोन येई. आजी अभ्यास विचारत, जेवण विचारत. चमच्याचे नाव काढत नसत.

पुढे चाळायचे यंत्र आले आणि मी कोठाराच्या भिंतीला टेकले. जाळी गंजली. आजी मात्र येत, चमचा पुसत, माझी चौकट थोपटत. "थांब गं, येईल ती."

मित्रांनो, मला रंग नको, नवी जाळी नको. आठवड्यातून एकदा दोघांनी दोन बाजूंनी धरावे, एवढेच वाटते. आणि कुणाला काही सांगायचे राहिले असेल, तर ते माझ्या खिळ्यावर टांगून ठेवू नका.

नात आली तेव्हा सुतारकाकांच्या खांद्याला लागत होती. चमचा काकांनीच तिच्या हातात दिला आणि आजींचे राहिलेले बोलणेही त्यांनीच सांगितले.

"मला तर तो आठवतही नव्हता, काका," ती म्हणाली आणि माझ्या चौकटीला धरून रडली.

खतवाल्या आजी गव्हाची कापणी संपली त्या गुरुवारी सकाळी वारल्या. नात पोचली ती शनिवारी.