मृदुलाचा कॉम्प्युटर तोंड उघडेना

दसऱ्याच्या सकाळी मृदुलाने बटण दाबलं. पंखे गरगरले, निळे-तांबडे दिवे लागले आणि तिने अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. मग सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा काळाकुट्ट.

"झालं सुरू?" सासूबाई इंदिराबाईंनी विचारलं.

"अर्धं झालं," मृदुला म्हणाली.

साताऱ्याहून लग्न होऊन म्हैसूरला आलेल्या या बाईची हौस दांडगी. तयार कॉम्प्युटर तिला नको होता. एकेक भाग निवडून स्वतःच्या हाताने जोडायचा होता. त्याच्यावर साड्यांची नक्षी काढून ती मेटगळ्ळीच्या एका छपाई कारखान्याला देणार होती. मालक नरसिंहमूर्ती मुहूर्ताचे पक्के. दसऱ्याच्या दिवशी पहिला नमुना हातात आला तर वर्षभराचं काम तिचं, नाहीतर दुसऱ्या कुणाचं. सासर जुन्या रंगाऱ्यांचं. काल आयुधपूजेला घरातल्या कापड छापायच्या लाकडी ठशांशेजारी कॉम्प्युटरची खोकीही इंदिराबाईंनी मांडली होती, आणि आज उजाडताच मृदुला ती उचलून जोडायला बसली होती.

संध्याकाळी दसऱ्याचा सोहळा बघायला बन्नीमंटपाला जायचं म्हणून इंदिराबाईंचे दीर भुजंगराव सकाळीच येऊन ठेपले होते. पोटभर इडल्या झाल्या होत्या, त्यामुळे सल्ला द्यायला मोकळे होते.

"दुकानातनं तयार आणायचं, प्लग लावायचा, मुगीतु, संपलं! जेवायच्या टेबलावर कोण कॉम्प्युटर करतं ग?"

"मी करते, काका," असं म्हणून मृदुला टेबलाखाली शिरली.

तिने वायर काढून परत लावली. वायर बदलली. पडद्याऐवजी टीव्ही जोडला, तोही मख्ख. दर वेळी पंखे फिरले की तिला उगाच हसू फुटायचं, आता होणार, आता होणारच! आणि दर वेळी काही व्हायचं नाही. शेवटी मदरबोर्डवर एक बारीक पिवळा दिवा दिसला. माहितीपुस्तक म्हणालं, रॅम सापडत नाही. आता रॅमची ती बोटाएवढ्या रुंदीची पट्टी तिने स्वतःच बसवली होती. तिने ती पुन्हा खटकन दाबली. दिवा तस्साच.

"मीच काहीतरी मोडलं," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

"मी तेच म्हणत होतो," भुजंगराव खुशीत आले. "सवय नसलेला हात..."

"सुम्मने, गप्प बसा हो, भावोजी!" इंदिराबाई कडाडल्या. दारात उभ्या राहून त्या कधीच्या पदराचं टोक पिळत होत्या. "तिचा हात चुकला नाही. अय्यो, मीच गंध लावलं ग त्या पट्टीला. काल, खोकं उघडून."

मृदुलाने पट्टी उपसून खिडकीशी नेली. खालच्या सोनेरी दातांवर चंदन वाळून बसलं होतं. सोन्यावर पिवळं, सकाळच्या घाईत दिसणार कसं?

"आई, नेमकं इथंच?"

"मग कुठं? ठशाला गंध कोरलेल्या तोंडाला लावतात. पाठीला लावतात काय? याचं तोंड हेच वाटलं मला. बाकीच्यांचं तोंड सापडलंच नाही, म्हणून नुसतं फूल ठेवलं."

मृदुलाला राग आला, चांगलाच आला. पण तोंड शोधत एकेक खोकं उलटंपालटं करणाऱ्या सासूबाई डोळ्यांसमोर आल्या आणि तिला हसू आवरेना. ती हसत सुटली तशा इंदिराबाईही हसल्या, आणि भुजंगरावांना तर ठसकाच लागला.

मग खोडरबर आणून तिने एकेक दात घासला, मऊ ब्रशने झटकला आणि पट्टी जागेवर बसवली. बटण दाबलं. पडदा उजळला! मृदुलाने इंदिराबाईंचे हात धरून फुगडीच घातली.

"अय्यो, सोड ग, गुडघा!"

"आई, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं."

"आणि तुझं काम गेलं असतं की," धापा टाकत त्या म्हणाल्या. "ते यावं म्हणून तर लावलं होतं ग."

दुपारी नक्षीचा पहिला नमुना कारखान्यात गेला. चहाच्या सुमाराला नरसिंहमूर्तींचा निरोप आला: काम तुमचं.

"बघ," इंदिराबाई म्हणाल्या, "पावलं की नाही माझं गंध?"

तेच गंध घासून काढणारी मृदुला खुदकन हसली. तिने त्यांना घट्ट मिठी मारली.