ठीक आहे म्हणायचं नाही

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून मी सुभेदार म्हणून घरी आलो. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात कडक ऑर्डर कुणी दिली असेल, तर ती माझ्या दहा वर्षांच्या नातीने, प्रांजलने. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि तिची आई, म्हणजे माझी लेक पूजा, जोधपूरला निघाल्या होत्या. जावई तिथे पोस्टिंगवर आहेत. एवढ्या लांब रेल्वेने ससा कसा न्यायचा? म्हणून दोघी सांगलीहून आमच्या गावी, कराडजवळ आल्या आणि दहा दिवसांसाठी पिंजरा माझ्या ताब्यात दिला. सशाचं नाव भडंग. पांढऱ्या अंगावर हळद लावलेल्या चुरमुऱ्यांसारखे पिवळे ठिपके, म्हणून भडंग. सांगलीच्या पोरीला दुसरं काय सुचणार!

पिंजरा सोप्यात ठेवला. प्रांजलने वहीचं एक पान वर भिंतीला चिकटवलं. सुकं गवत कायम भरलेलं हवं. पाणी वाटीत, सकाळ-संध्याकाळ बदलायचं. मुळ्याचा पाला, कोथिंबीर मूठभर. पोळी नाही, बिस्कीट नाही, गोड तर अजिबात नाही. आणि खाली लाल पेनाने: लेंड्या मोजायच्या.

"मोजायच्या?" मी विचारलं. "अगं, माणसाने हसावं की रडावं?"

"त्याचं पोट चालू आहे की नाही ते लेंड्यांवरून कळतं, आजोबा. मी रोज संध्याकाळी सातला फोन करणार. तेव्हा आकडा सांगायचा. ठीक आहे म्हणायचं नाही."

शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे रोखून बघत म्हटलं आणि मी मान खाली घातली. त्याला कारण होतं. गेल्या मे महिन्यात तिचा पहिला ससा शेजाऱ्यांकडे ठेवून ती सुट्टीला इकडे आली होती. दुसऱ्याच दिवशी तो मेला. पोरीची सुट्टी नासू नये म्हणून आम्ही सगळ्या मोठ्या माणसांनी आठ दिवस तिला 'ठीक आहे, खातोय' असं सांगितलं. सगळ्यात ठासून मी सांगितलं होतं. परत गेल्यावर तिने रिकामा पिंजरा बघितला आणि महिनाभर माझ्याशी फोनवर बोलली नाही. आता बोलत होती, पण आकड्यांतच.

पहिल्या दिवशी मी सगळ्या लेंड्या सुपात घेऊन, दहा-दहाचे ढीग करून मोजल्या. दोनशे बारा. सुपासाठी माझी बायको बनुबाई दिवसभर माझ्या नावाने बोटं मोडत होती. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, ससा उड्या मारतोय, डोळे चकाकतायत, कशाला ही परेड? संध्याकाळी ठोकून दिलं, "दोनशे पाच."

"शाबास," प्रांजल म्हणाली. मला पदक मिळाल्यासारखं वाटलं. मग पुढचे तीन दिवसही मी असेच दोनशेच्या आसपासचे आकडे ठोकले.

आता खरं पाप सांगतो. मला साखरेचा आजार आहे. गेल्या वर्षी पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती दोन महिने भरली नाही. तेव्हापासून बनुबाईने घरातला गूळ कडीकुलपात ठेवलाय. पण आमच्या शेतामागेच दादासोचं गुऱ्हाळ आहे, आणि दिवाळीला तिथून नव्या गुळाचा वास सुटतो. तो वास आला की माझं सगळं पथ्य पाणी भरायला जातं. दुपारी बनुबाईचा डोळा लागला की मी खिशातून गुळाचा खडा काढायचो, बरोबर भाजलेले शेंगदाणे, आणि पिंजऱ्याजवळ बसून खायचो. एकट्याने खायला मन कचरतं. शिवाय भडंग पुढचे दोन पाय जाळीला टेकवून नाक हलवत बघायचा. आमच्या भागात उंबऱ्यात आलेल्या पाहुण्याला आधी गूळ-शेंगदाणे आणि पाणी देतात, मग विचारतात काय काम काढलं. हा तर दहा दिवसांचा पाहुणा, उसाच्या गावात येऊन नुसतं वाळलं गवत खाणार? रोज त्याला बोराएवढा खडा आणि पाच-सहा शेंगदाणे. त्याला ते इतकं आवडलं की गवताकडे त्याची पाठ झाली. मी म्हटलं, जातिवंत आहे.

सातव्या दिवशी सकाळी शेजारची धोंडुबाई दूध घालायला आली. ती मूळची म्हसवडकडची, जन्म शेळ्या-मेंढ्यांमागे गेलेला. तिने पिंजऱ्याकडे एकदा बघितलं आणि तिथेच थांबली.

"सुभेदार, ह्येच्या लेंड्या कुठं हायत्या?"

"असतील की. मी झाडल्या सकाळी."

"झाडल्या न्हाईत. पडल्याच न्हाईत. त्यो बसलाय कसा बघा की."

मी बघितलं. भडंग कोपऱ्यात गोळा होऊन बसला होता. कान मागे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. काल संध्याकाळचं पाणी वाटीत तसंच होतं, गवताची काडी हललेली नव्हती. जवळ कान नेला तर तो दात कराकरा घासत होता. कोथिंबीर धरली, त्याने तोंड फिरवलं. शेवटी खिशातला गुळाचा खडा गुपचूप पुढे केला. त्यालाही त्याने हुंगलं नाही. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"आमच्या शेरडाला असं झालं तर तेल पाजताव," धोंडुबाई म्हणाली, "पर शेरडू रवंथ करतंय. ह्ये करत न्हाई. ह्येला डाक्टर दावा, आत्ताच."

"पूजाला फोन लावू का?" बनुबाईने विचारलं.

"नको. आधी बघू," मी म्हटलं. मे महिन्यात मी अगदी हेच बोललो होतो, हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

मोटरसायकलवर मी पुढे, मागे बनुबाई, तिच्या मांडीवर पाटीत टॉवेलाखाली भडंग. कराड येईपर्यंत मी दर दोन मिनिटांनी विचारत होतो, "हलतोय का?" आणि ती दर वेळी म्हणत होती, "हलतोय, तुमी फुडं बघा."

विश्वजित डॉक्टर म्हणजे जनावरांचा डॉक्टर, तरुण आहे. दारात दोन म्हशी बांधलेल्या. त्याने भडंगला टेबलावर घेतलं, पोटाला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला. त्याचा चेहरा मला आवडला नाही.

"आतडी गप्प आहेत," तो म्हणाला. "सशाचं पोट थांबून चालत नाही, सुभेदार. बारा तास काही खाल्लं नाही तर घाबरायचं असतं. लेंड्या कधीपासून कमी झाल्या?"

"काल दोनशे पाच होत्या," मी म्हणालो. तोंडाला सवय लागली होती.

"काल दोनशे आणि आज एकही नाही? खायला काय देत होता?"

"गवत. मुळ्याचा पाला. पाणी."

"दुसरं काही?"

"काही नाही."

डॉक्टरने पुन्हा पोट चाचपलं. मग हात पुसत सावकाश बोलला, "निव्वळ गवतावरचा ससा असा एकदम बंद पडला, तर आत काहीतरी अडकलंय असं धरावं लागतं. मी गाई-म्हशी बघणारा माणूस. तुम्ही ह्याला आत्ताच सांगलीला न्या, माझा मित्र आहे तिथे. पोटाचा एक्स-रे काढतील, आणि वेळ पडली तर पोट उघडतील. एवढा जीव भुलीतून उठेल याची खात्री मात्र कुणी देणार नाही."

बनुबाईने पदर तोंडाला लावला.  माझ्या डाव्या खिशात सकाळचा तो खडा होता, मांडीला टोचत होता. खरं सांगितलं तर बायकोसमोर इभ्रत जाणार होती. नाही सांगितलं तर माझ्या जिभेपायी या मुक्या जिवाचं पोट फाडणार होते. फौजेत खोटा रिपोर्ट देणाऱ्या एका पोराला मी सगळ्या कंपनीसमोर असं झापलं होतं की तो रडला होता. त्याचा चेहरा मला त्या म्हशींच्या दवाखान्यात आठवला.

मी खिशातला खडा काढून टेबलावर ठेवला.

"हा. रोज बोराएवढा. आणि पाच-सहा शेंगदाणे. सहा दिवस. आणि लेंड्या मी दोनच दिवस मोजल्या, बाकीचे आकडे खोटे आहेत."

डॉक्टरने खडा उचलून बघितला. मग बनुबाईने हळूच विचारलं, "आनि तुमी?"

"मी त्याच्याहून जास्त."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाटीतला टॉवेल नीट करत राहिली. मला लाज वाटली, अशी लाज की पायाखालची फरशीसुद्धा बघवेना.

डॉक्टर मात्र एकदम कामाला लागला. त्याने सांगलीच्या मित्राला फोन लावला, बोलला, आणि म्हणाला, "मग चित्र वेगळं आहे. गोडाने आणि दाण्याने पोटात गॅस धरलाय, आतडी मंदावलीत. पोट अजून दगडासारखं नाही. कापाकापी आत्ता नको." त्याने कातडीखाली सलाईन दिलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, गॅसचे थेंब मोजून पाजले. "ऊब द्या, पोट हलक्या हाताने चोळा, थोडं फिरवा. पहाटेपर्यंत लेंडी पडली तर जिंकलो. नाहीतर तडक सांगली."

दिवसभर मी सोप्यात जमिनीवर बसून होतो. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला लावली. दोन बोटांनी पोट चोळायचं, त्याला खाली सोडायचं, चार पावलं चालवायचं, परत चोळायचं. डॉक्टरने दिलेल्या पिचकारीने थेंब थेंब पाणी. अर्धं माझ्या बाहीवर, अर्धं त्याच्या पोटात. दर अर्ध्या तासाने मी टॉवेल उचलून बघायचो. टॉवेल कोरा. बनुबाई चहा ठेवून गेली, बिनसाखरेचा.

सात वाजले आणि फोन वाजला.

"आजोबा, आज किती?"

माझ्या जिभेवर दोनशे पाच तयार होतं. बनुबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"शून्य," मी म्हणालो.

  आणि तिने काही विचारायच्या आत सगळं सांगत गेलो. गूळ, शेंगदाणे, खोटे आकडे, डॉक्टर, सलाईन.  पोरगी रडेल, फोन आपटेल, परत महिनाभर बोलणार नाही, हे मी धरून चाललो होतो.

"पोट मऊ आहे की फुग्यासारखं?" तिने विचारलं. तिचा आवाज कापत होता, पण विचारलं.

"सकाळपेक्षा मऊ."

"कान गार आहेत?"

"आता थोडे कोमट आहेत."

"मग फोन बंद करू नका. व्हिडिओ लावा आणि त्याच्यासमोर ठेवा. मला बघायचंय."

मी फोन तांब्याला टेकवून ठेवला. जोधपूरला ती, इथे मी, मध्ये भडंग. ती सांगत होती, आजोबा, आणखी हळू, आजोबा, आता डावीकडून. मी करत होतो. बनुबाई येऊन माझ्या शेजारी बसली आणि तिने बाटलीतलं पाणी बदलून गरम आणलं. मध्ये एकदा प्रांजल अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मागच्या वेळी मला कुणी असं सांगितलंच नाही. मी मदत केली असती."  मी चोळत राहिलो.

साडेआठच्या सुमाराला भडंग उठला. चार पावलं गेला, थांबला, अंग ताणलं, आणि गवताची एक काडी तोंडात धरली. त्याच्यामागे टॉवेलावर काहीतरी होतं. मी चष्मा लावला. वाटाण्याहून बारीक, वेडीवाकडी, काळी. मी ती तळहातावर घेऊन फोनसमोर धरली.

"किती?" ती ओरडली.

"एक."

"नक्की एकच?"

"एकच, बाळा. पण खरी आहे."

ती हसली आणि मग रडायला लागली, आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. बनुबाईने पदराने स्वतःचं नाक पुसलं, उठली, आणि कपाटातून साखर तपासायचं माझं मशीन घेऊन आली. माझं बोट हातात घेतलं, टोचलं. भडंग गवत चावत होता, त्याचा कुरकुर आवाज येत होता. मशीन वाजलं.

"आजोबा," फोनमधून प्रांजल म्हणाली, "आता तुमचा आकडा."

ठीक आहे म्हणायला मी तोंड उघडलं. मग मशीन उजेडाकडे धरलं आणि वाचून दाखवलं, "तीनशे चौदा."