पर्लीच्या तीन फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुना शिकारी कोट आहे आणि माझ्या अंगाला वास मारतो. मी तुमच्यासमोर असतो तर दुसरी गोष्ट तुम्हाला पहिलीच्या आधी कळली असती. मी हे सगळं मान खाली घालून सांगतो आहे. कोटाला मान नसते, कॉलर असते, आणि माझी अर्धी कॉलर उंदरांनी खाल्ली आहे. उरलेली खाली घातली आहे असं समजा.

माझा जन्म कारखान्यात झाला. ताडपत्रीसारखं जाड कापड, सहा पितळी बटणं आणि पाठीवर आतून एक भलामोठा खिसा. एवढा खिसा कशाला, हे मला कुणी सांगितलं नाही. दुकानात मी महिनाभर एका काळ्या सुटाशेजारी लटकत होतो. तो सदान्‌कदा चर्चच्या गप्पा मारायचा. तेव्हा मीही ठरवून टाकलं, की आपण चर्चमध्ये जाणार आणि या खिशात बायबल राहणार.

मला हॉबर्ट नेपियर नावाच्या माणसाने घेतलं, आणि त्याच आठवड्यात त्या खिशात मेलेला रॅकून आला.

ज्यांनी रॅकून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बोक्यापेक्षा थोराड, शेपटीला काळे पट्टे, डोळ्यांभोवती दरोडेखोरासारखा बुरखा, आणि हात असे की कुठलाही डबा उघडतील. अमेरिकेतल्या केंटकीच्या आमच्या डोंगरात त्याची शिकार डोळ्यांनी करत नाहीत, कानांनी करतात. अंधार पडला की कुत्री सोडायची, डोंगराच्या उंच धारेवर शेकोटी पेटवायची आणि ऐकत बसायचं. माग लागला की कुत्री लांब हेल काढून ओरडते. रॅकून झाडावर चढला की तेच ओरडणं तुटक होतं, कुऱ्हाडीच्या घावांसारखं. मग कंदील घेऊन त्या झाडाखाली जायचं. पुष्कळदा जातही नाहीत. ऐकून झालं की कॉफी पितात आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला नावं ठेवतात.

हॉबर्टच्या कुत्रीचं नाव पर्ली. तांबडी, लांब कानांची, डाव्या डोळ्याने जरा संशयी. चर्चमध्ये गाणी सुरू झाली की हॉबर्टला डुलकी लागायची. पण धारेपलीकडून पर्लीचा आवाज आला की तो टोपी काढायचा.

"आवाजाला गंज चढलाय रे तिच्या," एल्झी म्हणायचा. एल्झी हॉबर्टचा मेव्हणा. त्याच्याकडेही एक कुत्रा होता, पण तो बहुतेक वेळ शेकोटीपाशीच असायचा.

"तुझ्या कुत्र्याचा आवाज ऐकून परवा आमच्या कोंबडीने अंडं परत आत घेतलं," हॉबर्ट म्हणायचा.

अशी त्यांची शिकार.

आता माझं खरं काम सांगतो. कधीकधी कुत्री मागाच्या नादात दोन-तीन डोंगर ओलांडून जाते. शिंग फुंकून बोलावलं तरी तिला ऐकू येत नाही. अशा वेळी शिकारी अंगातला कोट काढतो, जिथे तिला सोडलं तिथेच जमिनीवर पसरतो आणि घरी जाऊन झोपतो. कुत्री दमून परत आली की धन्याचा वास ओळखते आणि कोटावर झोपून वाट पाहते. सकाळी जावं, तर ती तिथे असतेच. अकरा वेळा मला असं ठेवलं आणि अकराही वेळा पर्ली माझ्यावर सापडली. ती एक फेरी मारायची आणि धपकन बसायची, खुर्ची आपलीच आहे हे ठाऊक असलेल्या आजीबाईसारखी.

म्हणून शिकारी कोट कधीच धुवायचा नसतो. चौदा वर्षांत मला पाणी लागलं ते फक्त पावसाचं. बाकी अंगात मुरलं ते रॅकूनचं रक्त, तंबाखू, धूर, घाम, कुत्री, मक्याच्या भाकरीचे तुकडे आणि एक मासा, जो हॉबर्ट खिशात विसरला होता. हॉबर्टला यातलं काही कळत नव्हतं. लहानपणी त्याच्या तोंडावर खेचराने लाथ मारली होती, तेव्हापासून त्याचं नाक नुसतं शोभेला होतं. पण त्याच्या बायकोचं, ओमाचं, नाक धडधाकट होतं. ती मला घरात घेत नसे. मी बाहेर ओसरीत खिळ्याला. येणारे-जाणारे माझ्यापासून जरा लांबून वळायचे, आणि मला त्या काळ्या सुटाची आठवण यायची.

मग एल्झीच्या मुलीचं लग्न ठरलं.

हॉबर्टला चांगला कोट नव्हता. होता एक, पण तो ओमाचा थोरला भाऊ क्लेटस वारला तेव्हा त्याच्या अंगात घातला होता, लोक शेवटचं बघायला येणार म्हणून, दोन तासांपुरता. पुरताना काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि नंतर लक्षात येऊन उपयोग नव्हता.

"शर्टावर येतो मी," हॉबर्ट म्हणाला.

"माझ्या भाचीच्या लग्नात? नोव्हेंबरात? आणि लोक म्हणतील, नेपियरांचे कोट जातात कुठे?"

हॉबर्ट शिकारीहून येऊन दिवसभर झोपला होता, तेव्हा ओमाने मला खिळ्यावरून काढलं. परसात लोखंडी कढईत राखेच्या साबणात तीनदा उकळलं. पहिलं पाणी तिने कुंपणापाशी ओतलं. तिथे पुढची दोन वर्षं गवत उगवलं नाही. मग मला उन्हात वाळवलं आणि आतल्या खिशात लव्हेंडरच्या फुलांची पुरचुंडी ठेवली.

"काय केलंस याला?" हॉबर्टने विचारलं.

"ओल्या फडक्याने पुसलाय फक्त."

"रंग उडालाय."

"उन्हाने."

मित्रांनो, त्या बाईने खोटं सांगितलं. पण मला लाज वाटते ती माझी. कारण मला ते सगळं आवडलं. लग्नात मला घराच्या आत टांगलं, थेट पाद्रीबाबांच्या कोटाशेजारी. त्यांची बायको माझ्याजवळ आली, वाकली आणि म्हणाली, "अगबाई, किती छान वास!" मी बटणांपर्यंत फुललो. त्या सबंध दिवसात मला पर्लीची एकदाही आठवण आली नाही.

संध्याकाळी आम्ही घरी आलो, तेव्हा फाटकापाशी पर्ली हॉबर्टवर गुरगुरली.

"लग्नाला नेलं नाही म्हणून रुसली," हॉबर्ट हसत म्हणाला.

ती रुसली नव्हती. ती अनोळखी माणसावर गुरगुरत होती. हे फक्त मला कळलं, आणि मला वाटलं, बरं झालं, लोक आता आपल्याला वेगळं समजतात.

पुढच्या शुक्रवारी आम्ही धारेवर गेलो. पर्लीला माग लागला. आवाज पहिल्या डोंगरापलीकडे गेला, मग दुसऱ्या, मग ऐकू येईनासा झाला. हॉबर्टने बराच वेळ शिंग फुंकलं. शेवटी त्याने मला काढलं, जमिनीवर पसरलं, बाह्या नीट सरळ केल्या आणि थोपटलं.

"आहेस ना तू," तो मला म्हणाला, आणि दहिवर गोठायला लागलेलं असताना नुसत्या शर्टावर घरी गेला.

पहाटेआधी पर्ली आली. कान फाटला होता, एक पाय उचलून चालत होती. तिने मला लांबून पाहिलं आणि शेपटी हलवली. मग जवळ येऊन हुंगलं. शेपटी थांबली. कॉलर हुंगली, बाही हुंगली, जिथे पुरचुंडी होती तो खिसा हुंगला आणि शिंकली. माझ्याभोवती फिरली, पुन्हा फिरली. मला ओरडून सांगायचं होतं, अगं मीच तो, माशाचा! पण तसं सांगायला माझ्याकडे एकच तोंड होतं, माझा वास, आणि तेच उकळून टाकलेलं होतं. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी ती ओशाळून मागे वळली आणि झाडीत गेली.

थोड्या वेळाने एक रॅकून आला. त्याला माझ्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्याने बटण काढलं, खिसा उघडला, पुरचुंडी सोडून फुलं तपासली, एक हात माझ्या बाहीत घातला आणि झोपला.

सकाळी हॉबर्ट आणि एल्झी आले. चौदा वर्षं हॉबर्टने रात्री-अपरात्री ज्याला शोधलं, तो त्याच्याच कोटात घोरत होता.

"हॉबर्ट," एल्झी म्हणाला, "तुझी कुत्री फार बदलली रे. शेपटीला पट्टे आलेत."

हॉबर्ट हसला नाही. रॅकून जागा झाला, दोघांकडे पाहून सावकाश बाहीतून हात काढला आणि निघून गेला. हॉबर्टने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ती येईल," तो म्हणाला. "कोट आहे म्हणजे ती येईल."

आणखी दोन रात्री त्याने मला तिथेच ठेवलं. दिवसभर हाका मारत फिरायचा, शर्टावरच. एल्झीने स्वतःचा कोट पुढे केला, तर म्हणाला, "तुझा घातला तर तिला वाटेल मी तू आहे. मग ती मुळीच यायची नाही." ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला उचलून घरी नेलं तेव्हा त्याला इतका खोकला झाला होता, की ओसरीच्या पायरीवर त्याला बसावं लागलं.

ओमा दारात उभी होती. एल्झीही आमच्या पाठोपाठ आला होता.

"हॉबर्ट, कोट मी धुतला."

"पुसलास."

"उकळला. तीनदा."

 मग हॉबर्टने मला दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडाशी नेऊन खोल श्वास घेतला. त्या नाकाने. पुन्हा घेतला.

"एल्झी, कसला वास येतो याला?"

एल्झीला आयुष्यात एकदा चांगली संधी मिळाली होती. पण तो म्हणाला, "लग्नाचा."

मी तेव्हा हॉबर्टच्या हातात होतो, म्हणून मला त्याचा चेहरा अगदी जवळून पाहावा लागला. ही शिक्षा मला कुणी दिली नव्हती, पण पुरली.

ओमाने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि कुत्रीच्या खोपटात नेलं. पर्लीच्या जुन्या पेंढ्यात मला कोंबलं, वर उभी राहून तुडवलं. मग डुकराची चरबी चोळली, चुलीच्या धुरावर धरलं, हॉबर्टच्या तीन दिवसांच्या शर्टात गुंडाळलं. शेवटी मला घेऊन त्याच्यासमोर आली.

"थुंक."

"कुठे?"

"कोटावर. तंबाखू आहे ना तोंडात? थुंक म्हणते ना!"

एकोणीस वर्षं ती त्याला थुंकू नको म्हणून सांगत होती. हॉबर्ट क्षणभर गोंधळला, मग थुंकला.

"अजून."

कंदील घेऊन ती एकटीच धारेवर आली. मला पसरलं, बाह्या सरळ केल्या, आणि स्वतःच्या अंगाला साबणाचा वास येतो म्हणून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब ओकच्या झाडाखाली जाऊन बसली. कंदील विझवला. रात्रभर ती हलली नाही. मीही नाही, पण माझं त्यात काही कौतुक नाही.

उजाडायच्या सुमारास पर्ली आली. बरगड्या मोजता येत होत्या. तिने एक फेरी मारली. पूर्वी एवढ्यावर बसायची. ती बसली नाही. कॉलर हुंगली. दुसरी फेरी मारली. जिथे पुरचुंडी होती तो खिसा हुंगला, आणि मला वाटलं, आता जाते ही. तिसरी फेरी मारली. मग हॉबर्टच्या थुंकीपाशी नाक नेलं आणि धपकन बसली.

ओमा जवळ येऊन गुडघ्यांवर बसली. "चुकलं गं माझं," म्हणाली. पर्ली झोपली होती, म्हणून ते मीच ऐकून घेतलं. खरं तर आम्ही दोघांनी मिळून म्हणायला हवं होतं.

तिने पर्लीला माझ्यातच गुंडाळून उचलून घरी आणलं. ओसरीत एल्झीने नाक धरलं.

"ओमा, तुझ्या अंगाला वास मारतोय."

"कळतंय मला," ओमा म्हणाली, आणि मला घराच्या आत, दाराशेजारच्या खुंटीला टांगलं. पाद्रीबाबा आले तेव्हाही काढलं नाही. ते फार वेळ बसले नाहीत.

त्यानंतर पर्ली सहा वर्षं जगली. सात वेळा मी तिच्यासाठी जमिनीवर झोपलो, आणि सातही वेळा तिने तीन फेऱ्या मारल्या. एक तिची सवयीची. उरलेल्या दोन माझ्यामुळे. हॉबर्ट म्हणायचा, म्हातारी झाली म्हणून करते. 

आता हॉबर्ट नाही, ओमा नाही, पर्लीही नाही. मी अजून त्या खुंटीलाच आहे. एल्झीची मुलगी, जिच्या लग्नात मी फुललो होतो ती, परवा घर आवरायला आली आहे. तिने कपड्यांचे दोन ढीग केलेत, टाकायचे आणि धुवायचे. काल ती माझ्यापाशी आली, बाही नाकाशी नेली, "बाई गं!" म्हणाली, आणि तिथेच थांबली. अजून मी कुठल्याच ढिगात नाही.

मित्रांनो, तुम्ही दात घासा, हातपाय धुवा, त्याला माझी ना नाही. पण घरातली एखादी जुनी, मळकी वस्तू उचलून पाण्यात घालण्याआधी एकदा विचारा, ती कुणाचा पत्ता आहे. कुणी दमून, लंगडत परत आलं, तर ते दार ओळखणार कशावरून?

तिला हे सांगायला मला तोंड नाही. जे आहे ते तिने काल हुंगलं. आणि लाज वाटते, पण सांगून टाकतो: तिने बाही उचलली तेव्हा तिच्या हातांना लव्हेंडरचा वास येत होता, आणि मला, क्षणभरच, छान वाटलं.