बारादाती मेघराज

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. 'जुना' हा शब्द माझा मी वापरतो आहे. माझं तोंड उघडून दुसऱ्या कुणी तो वापरलेला मला चालत नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण माझ्या तोंडातच आहे.

माझं नाव मेघराज. तेर गावाच्या अलीकडच्या एका वाडीत कल्याणप्पांच्या दारी माझा जन्म झाला आणि चार वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ पडला. आभाळात एक ढग नाही आणि दारात मेघराज उभा. येणारा-जाणारा माझ्याकडे असं बघायचा, जणू पाऊस मीच कुठंतरी दडवून ठेवलाय. तेव्हापासून मीही माणसांकडे तसंच बघतो.

त्या वर्षी मी दुष्काळी कामावर खडी ओढली. चारा म्हणून कल्याणप्पांनी छपराचं जुनं पाचट काढून दिलं. निम्मं पाचट, निम्मी माती. मी छप्पर खाऊन संपवलं तेव्हा घरातले सगळे उघड्यावर आले, पण मला कुणी बोललं नाही. माझे दात मात्र त्या मातीनं झिजले.

पुढं गावात सहकारी दूध संस्था निघाली. रोज सकाळी दुधाचे कॅन टांग्यातून तेरच्या फाट्यावर, दूधगाडीपर्यंत न्यायचं काम आम्हाला मिळालं. पाच वर्षांत मी थेंब सांडला नाही. वार्षिक सभेत माझं कौतुक झालं, झेंडूचा हार घातला. सभा संपायच्या आत मी तो खाल्ला, कारण सभेनंतर हार परत घेतात अशी मला शंका होती.

मग चेअरमन तात्यारावांच्या मेव्हण्यानं टेंपो घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी तात्याराव माझ्यासाठी गूळ घेऊन आले. मित्रांनो, ज्यानं पाच वर्षांत गवताची काडी दिली नाही तो गूळ देतो, तेव्हा गूळ खावा, पण माणसावर नजर ठेवून खावा. मी तोंड उघडलं, तसे ते आत डोकावले.

"कल्याणप्पा, घोडं म्हातारं झालं की! दात बघा कसे झिजलेत. म्हाताऱ्या जनावरावर संस्थेचं दूध न्यायचं न्हाय."

"अकरा वर्साचं हाय, तात्याराव. माज्या दारात जलमलंय."

"तुमी खोटं बोलाल, अप्पा. दात खोटं बोलत न्हाईत. सोमवारी सगळ्यांफुडं बघू."

म्हातारा ठरलो तर दूध टेंपोत जाणार आणि मला बाजारात उभं करावं लागणार. म्हातारा घोडा बाजारातून कोण नेतं, हे कल्याणप्पांनी कुणाला विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

सोमवारी संस्थेपुढं गाव जमलं. दात बघायला बलभीम हेडीला आणलं होतं. हा बैलांचा दलाल. बैलाला पुढं खाली आठच दात, वर नुसती हिरडी. दोन दात आले की बैल दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठ पुरे झाले की जुळला. म्हणजे जितके दात जास्त, तितकं वय जास्त. बलभीमनं आयुष्यभर एवढंच केलं होतं. घोड्याचं तोंड तो पहिल्यांदाच उघडत होता.

त्यानं खालचे दात मोजले. सहा. मग वर बघितलं आणि दचकला.

"आरं देवा! ह्याला वरबी हायत!"

"किती?" तात्यारावांनी विचारलं.

"वर बी सहाच. सहा आन सहा बारा! बैल आठाला जुळतो. हे तर जुळून चार दात फुडं गेलंय!"

"लिवा," तात्याराव सचिवाला म्हणाले. "बारादाती. अतिवृद्ध."

कल्याणप्पांनी माझ्या मानेवर हात ठेवला. हा दावं सोडवतोय की काय, असा मला त्या हाताचाही संशय आला.

तेवढ्यात दगडाबाई पुढं आली. दोन म्हशींची मालकीण, संस्थेची पहिली सभासद. ती म्हशींना सोडून कुणाला भ्यायची नाही.

"बलभीमा, जितके दात तितकं वय, व्हय ना?"

"व्हय, मावशी."

"मग चेअरमनचं बी बघ. तात्याराव, आ करा."

तात्याराव हसले. तिथंच ते चुकले. त्यांच्या तोंडात दोनच दात राहिले होते, तेही पुढचे.

"दोनदाती!" दगडाबाई म्हणाली. "आगं बया, हे तर आजून खोंड हाय! औताला जुंपायच्या आधीच चेअरमन केलं व्हय रं ह्याला?"

सभा इतकी हसली की सचिवानं 'अतिवृद्ध' खोडलं. बलभीमची जीभ आतल्या आत त्याचेच दात मोजत होती. टांगा राहिला. मीही राहिलो.

आता मी वीस वर्षांचा आहे. टेंपो शेवटी आलाच, टांगा परसात उलटा पडलाय, त्यात कोंबड्या अंडी घालतात. कल्याणप्पा मात्र अजून रोज सकाळी माझं तोंड उघडून बघतात. कितीतरी दिवस मला वाटायचं, हेही मोजायला लागले. मग एकदा मी नीट लक्ष ठेवलं. तोंड बघून ते आत जातात आणि कडबा तोडायला बसतात. एक दात पडला की तुकडे आणखी बारीक. परवा दोन पडले, तर काल त्यांनी कडबा भिजवूनही ठेवला.

तेव्हा मित्रांनो, म्हाताऱ्या जनावराचं तोंड जरूर उघडून बघा. फक्त बघून झाल्यावर कडबा बारीक करा. गूळ आणलात तरी चालेल. आता तो मी चावत नाही, चोखतो. पण चोखतानाही माझी नजर तुमच्यावरच असेल.