शिकवणीची गाडी

गाडी ऐन वळणावर बंद पडली आणि एक मोटारसायकल समोर येऊन आडवी थांबली, तेव्हा गाडी शिकायला आलेल्या पार्लरवालीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून घेतले. कात्री धरली की तिचा हात कधी हलत नसे, पण गाडीत बसली की तळव्यांना घाम फुटायचा. शेजारच्या क्लचबाईने मोटारसायकलवरच्या माणसांकडे पाहिलं आणि तिला म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही. ते माझ्याकडे आलेत."

क्लचबाई हे नाव शिकाऊ बायकांनी ठेवलेलं. दिवसभर 'क्लच दाबा, क्लच सोडा' करत घसा कोरडा करणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं हसूही यायचं. नवरा गेल्यावर तिने ही लहानशी गाडी कर्जावर घेतली, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक बसवून घेतला आणि शिकवण्या सुरू केल्या. बरं चाललं होतं. मग जिन्यात पाय घसरला, हाड मोडलं आणि ती घरी बसली. हप्ते थकले. भाड्याची खोली सोडून ती बहिणीकडे राहायला गेली. कर्ज देणाऱ्या कंपनीला फोन करून तिने अडचण सांगितली होती. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली होती, नोंद करून ठेवते. पाय बरा झाल्यावर तिने एक हप्ता भरला आणि गाडं रुळावर आलं असं धरून चालली.

उतरलेल्या दोघांपैकी थोरल्याने अदबीने ओळखपत्र दाखवलं, गाडी ताब्यात घेण्याचा कंपनीचा आदेश पुढे केला. क्लचबाईने तो शब्दन् शब्द वाचला. एका वकिलीणबाईंना तिने गाडी शिकवली होती; आधी नोटीस द्यावी लागते, दमदाटी चालत नाही, आतलं सामान परत द्यावंच लागतं, एवढं त्यांच्याकडून तिच्या कानावर होतं. तिने नोटिशीचं विचारलं. तो म्हणाला, दोनदा पाठवली, आणि जुन्या खोलीचा पत्ता वाचून दाखवला.

"मी तिथे राहत नाही आता."

"तसं कळवलं होतंत का, ताई?"

तिने कळवलं नव्हतं. पत्ता बदलला तर कळवायचं, ही अट तिने सही केलेल्या करारातच होती. मग ती फोनचं बोलली. तो खाली बघत म्हणाला, "केला असेल तुम्ही. पण माझ्या हातात एवढंच आहे. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

त्याने आवाज चढवला असता तर तिला भांडता आलं असतं. पार्लरवाली मात्र उसळली, पोलिसांना बोलवते म्हणाली. तो म्हणाला, जरूर बोलवा, ठाण्यात कळवूनच आलोय; तोवर थांबतो. मागे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते.

"सुरू करा," क्लचबाई पार्लरवालीला म्हणाली. "वळणावर अशी सोडून देता येत नाही गाडी."

मोटारसायकल बाजूला झाली. पार्लरवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्या दिवशी पहिल्यांदाच तिने एकदाही बंद न पाडता गाडी पुढे नेली आणि मागे घेत कडेला लावली. क्लचबाईने तिला हँडब्रेक ओढायला लावला, गाडी बंद करायला सांगितली आणि किल्ली थोरल्याच्या हातावर ठेवली. त्याने तिची पिशवी, छत्री, टपावरचा बोर्ड काढून दिला. जादा ब्रेक माझा आहे, असं ती म्हणाली तेव्हा तो वाकून बघून आला. "बोल्टने बसवलाय ताई. जप्तीच्या गाड्या ठेवतो त्या यार्डात येऊन बोला."

पुढचे दिवस ऑफिसांच्या पायऱ्या झिजवण्यात गेले. गाडी विकली जाण्याआधी सगळी थकबाकी आणि वर ती उचलून नेल्याचा खर्च भरला तर परत मिळेल, असं कंपनीत सांगितलं; आणि विकून कमी पैसे आले तर उरलेलं तुमच्याच अंगावर. वकिलीणबाईंनी करार दोनदा वाचला. म्हणाल्या, त्यांची नोटीस आहे आणि तुमच्या फोनचा पुरावा नाही. मुदत मागून बघू. मुदत मागितली. मिळाली नाही. बहिणीच्या नवऱ्याने उसन्या पैशांसाठी इकडेतिकडे शब्द टाकून पाहिला, पण त्याचंच जेमतेम भागत होतं.

विक्रीच्या आधी ती ब्रेकसाठी यार्डात गेली. ओळखीच्या मेकॅनिकचा पाना तिने पिशवीत घेतला होता. रखवालदार भला माणूस होता. त्याने गाडीपर्यंत सोबत केली, किल्ली दिली, पण पाना पाहून मान हलवली. गाडीची किंमत ब्रेकसकट ठरली होती. आता काही काढलं तर त्याची नोकरी जायची. तिने पाना पुन्हा पिशवीत टाकला.

ड्रायव्हरची सीट कोणीतरी पार मागे सारून ठेवली होती. ती आत बसली तर पाय क्लचपर्यंत पोचेनात. खाली हात घालून तिने सीट पुढे ओढली, खट्कन बसेपर्यंत. मग आरसा आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणला. त्यात मागे ओळीने उभ्या असलेल्या गाड्या दिसत होत्या, सगळ्यांच्या काचांवर सारखीच धूळ.

"झालं का, ताई?" रखवालदाराने विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि दार न आपटता हलकेच लावून घेतलं.