जनीचं नाव

बोरपाड्याच्या समाजमंदिरात बेल्जियमहून आलेली दहाबारा मुलंमुली सतरंजीवर बसली होती. सकाळभर त्यांनी वरच्या वाडीच्या पाइपलाइनसाठी चर खोदला होता. आता आशाताईंनी बोलायचं होतं आणि तरन्नुमने ते इंग्रजीत सांगायचं होतं.

तरन्नुम जुन्या नाशकातली. गंगापूर रोडवरच्या एका संस्थेत ती दुभाषी होती. परदेशी स्वयंसेवक आले की त्यांना घेऊन पेठच्या डोंगरात यायचं आणि पहिल्याच दिवशी आशाताईंची भेट घालून द्यायची, हे तिचं काम. आशाताईंची सहा वर्षांची जनी झऱ्याचं गढूळ पाणी पिऊन जुलाबांनी गेली होती. दवाखान्याच्या वाटेवर, आईच्या खांद्यावरच. ते ऐकलं की पाहुणे जीव लावून काम करत, आपापल्या देशात परतल्यावरही मदत पाठवत. गावातली टाकी त्यातूनच उभी राहिली. वरच्या वाडीला मात्र अजून नळ नव्हता.

त्या दिवशी गाडीतून उतरताच आशाताईंनी तिला बाजूला घेतलं.

"आज नको सांगाया लावू, बाई. सांगून सांगून तिचं तोंडच आठवंना झालंय. निस्तं सांगनंच आठवतं."

तरन्नुम किशोरसरांकडे गेली. प्रकल्प त्यांच्याकडे होता. माणूस वाईट नव्हता. पाइप चढावर न्यायला स्वतः खांदा द्यायचा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की या मंडळींचा प्रमुख आज सोबत आलाय, वाडीचा नळ त्याच्यावर अवलंबून आहे, एवढी शेवटची वेळ. मागच्या खेपेलाही ते हेच म्हणाले होते, आणि तरन्नुमनेच ते आशाताईंना सांगितलं होतं.

सगळे शांत झाले. आशाताईंनी पदर सावरला आणि नेहमीच्याच हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.

"माझी शेळी काल व्याली. दोन पिल्लं झाली. एकाचे कान पांढरे हायेत."

आणि त्या थांबल्या, इंग्रजीसाठी.

तिने दाराशी उभ्या असलेल्या किशोरसरांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते जमिनीकडे बघत राहिले. मागे वरच्या वाडीच्या बायका बसल्या होत्या. त्या शेळीबद्दल ऐकून हसल्या नाहीत. सगळ्या तरन्नुमच्या तोंडाकडे बघत होत्या.

तरन्नुमने सांगायला सुरुवात केली. जनी सहा वर्षांची होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, तिला पाठ होतं. आशाताई नागलीच्या पिकाबद्दल बोलल्या, शेळीला कोवळा पाला कुठून आणला ते बोलल्या, आणि इकडे इंग्रजीत जनी आईच्या खांद्यावर गार होत गेली. मुलंमुली डोळे पुसू लागली. लीन नावाची एक मुलगी उठली आणि तिने आशाताईंचे दोन्ही हात धरले. आशाताईंनी हात सोडवून घेतले नाहीत.

बाहेर आल्यावर त्या तरन्नुमला म्हणाल्या, "तुमच्या इंग्रजीत जनीचं नाव तेच हाय."

"माफ करा, ताई."

"मंग पुढल्या वेळी मी आले नाय तरी चालंल? तुला समदं येतंच की."

पाहुण्यांना हात धरायला कोणीतरी समोर लागणार होतं, हे दोघींनाही कळत होतं. नोकरी सोडावी असं तरन्नुमच्या मनात आलं. पण तिच्या जागी दुसरी कोणी येईल आणि तीही हेच पाठ करील, हेही लगेच मनात आलं.

उन्हाळ्याआधी वरच्या वाडीला नळ आला. बायकांनी हंडे भरले, आशाताईंनीही एका म्हातारीला हंडा उचलून दिला. त्याच दुपारी किशोरसर म्हणाले की पलीकडच्या पाड्यालाही पाणी नाही, पुढची तुकडी येते आहे.

तुकडी आली. आशाताई वेळेवर येऊन बसल्या. आज काय बोलणार, असं तरन्नुमने हळूच विचारलं.

"काहीबी," आशाताई म्हणाल्या.